मॉरिशसचा ऊस आणि आपली टोळी

सभासद बंधूंनो, ऊस पाहायला मॉरिशसला कशाला जायचं, असं आम्हालाही वाटलं होतं. पण पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या पाहिल्या नि गप्प झालो. १८३४ नंतर सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर या बेटावर आले, ते मुख्यतः उसासाठीच. त्यांत मराठी माणसंही होती.

दुपारी गाडीवर डाळपुरी खाल्ली. डाळ भरलेली मऊ पोळी, वर टोमॅटोची चटणी. गुळाविना पुरणपोळीच म्हणा ना! मजुरांबरोबरच ती तिथं गेली.

त्या मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. त्यांत पतवंडं पणजोबांचं नाव शोधतात. आपल्या जालन्याचेही कितीतरी कोयते दरसाल परमुलखात जातात. आपल्या फडात राबणाऱ्या टोळीत मात्र आपल्याला नाव ठाऊक असतं ते एकट्या मुकादमाचं. यंदा सगळ्यांची नावं लिहू या.