‘वाइड-आइड’ म्हणजे मोठ्या डोळ्यांचा नव्हे

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत नातवंडे आता इंग्रजी माध्यमात शिकतात आणि गोष्टीच्या पुस्तकातला एखादा शब्द घेऊन आजी-आजोबांकडे येतात. ‘वाइड-आइड’ हा असाच एक शब्द. मोठ्या डोळ्यांचा, असे उत्तर चटकन दिले जाते. ते बरोबर नाही.

व्याकरणाने पाहिले तर हा आपल्या बहुव्रीही समासाचाच भाऊ. विशाल आहेत अक्ष, म्हणजे डोळे, जिचे ती विशालाक्षी. पण ते रूपाचे वर्णन झाले. तिचे डोळे मुळातच तसे. ‘वाइड-आइड’ माणसाचे डोळे एरवी बारीकही असतील, ते त्या क्षणापुरते मोठे झालेले असतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, विस्फारलेले.

डोळे विस्फारतात आश्चर्याने, तसेच भीतीनेही. चार्ल्स डार्विनने 1872 साली माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावनांवर पुस्तक लिहिले. आश्चर्य वाटले की भुवया वर जातात, डोळे आणि तोंड उघडते, हे त्याने त्यात नोंदवले आहे. आपण ‘आ वासून बघत राहिला’ म्हणतो ते हेच. जत्रेतला पाळणा पाहणारे मूल ‘वाइड-आइड’ आणि अंधारात पाऊल वाजले म्हणून दचकलेलेही ‘वाइड-आइड’.

खरी गंमत दुसऱ्या अर्थात आहे. लहान मूल सगळेच पहिल्यांदा पाहते, त्यामुळे हा शब्द निरागसपणालाही चिकटला. मराठीने इथे पायऱ्या केल्या आहेत. निरागस (‘आगस्’ म्हणजे अपराध, तो ज्याच्यापाशी नाही असा), मग भोळा, मग भाबडा, आणि शेवटी, नाइलाजाने, बावळट. इंग्रजीतला हा एकच शब्द निरागसपासून भाबड्यापर्यंत घसरतो, आणि कुठे थांबला ते संदर्भावरून ओळखावे लागते. पाच वर्षांच्या मुलीला म्हटले तर कौतुक. पंचवीस वर्षांच्या उमेदवाराला म्हटले तर ‘याने अजून जग पाहिलेले नाही’ असा टोमणा. म्हणून नोकरीच्या अर्जात किंवा कोणाच्या शिफारसपत्रात उत्साहाला हे विशेषण लावू नये, असे आम्ही मुलांना आवर्जून सांगतो.

त्यातून एक घोटाळा असा, की ‘विथ आइज वाइड ओपन’ याचा अर्थ जवळजवळ उलटा आहे! म्हणजे धोके ठाऊक असून, डोळे उघडे ठेवून. बँकेत आयुष्य गेल्यामुळे आम्हाला उदाहरण जामीनदाराचेच सुचते. भारतीय करार कायदा, 1872, कलम 128 प्रमाणे करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हे समजून सही करणारा ‘आइज वाइड ओपन’ आणि ‘मित्रच आहे, नुसती सही तर करायची’ म्हणणारा ‘वाइड-आइड’. दुसऱ्या प्रकारचे जामीनदार आम्ही पुष्कळ पाहिले. वसुलीची नोटीस घरी आली की त्यांचे डोळे पहिल्या अर्थानेही विस्फारत.

लिहिताना दोन शब्दांमध्ये जोडरेघ द्यावी. याचा शेजारी ‘स्टारी-आइड’ मात्र वेगळा. तिथे डोळ्यांत आश्चर्य नसते, स्वप्ने असतात. नव्याने धंद्यात पडलेल्यांना तो जास्त शोभतो.