सत्तावीस मेगाहर्ट्झवरच्या गप्पा: सीबी रेडिओ पुन्हा का बोलू लागला?

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. साध्या माणसानं, परीक्षा न देता, आपल्या गाडीतून किंवा घरातून दुसऱ्या साध्या माणसाशी बोलावं म्हणून राखून ठेवलेला रेडिओलहरींचा पट्टा. आपल्याकडं हे नाव फारसं कुणाच्या कानावर नाही. हॅम रेडिओ माहीत असतो, पण हॅम वेगळा. हॅमला परीक्षा आहे, लायसन आहे, सरकारनं दिलेली खूण आहे. सीबीत माणूस स्वतःच स्वतःला नाव ठेवतो, त्याला ‘हँडल’ म्हणतात, आणि बोलायला लागतो. अमेरिकेत आणि त्याहूनही इंग्लंडात हा जुना छंद गेल्या काही वर्षांत पुन्हा डोकं वर काढतोय. माळ्यावरचे सेट खाली येताहेत. हे का होतंय ते समजून घेताना आपल्याकडच्याही काही गोष्टींचा उलगडा होतो, म्हणून हे टिपण.

मूळ अमेरिकेत. दुसरं महायुद्ध संपताना, १९४५ मध्ये, तिथल्या सरकारनं नागरिकांसाठी रेडिओसेवा मंजूर केली. पण खरी सुरुवात १९५८ ची. त्या वर्षी २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे २३ चॅनल खुले झाले. शेतकरी, प्लंबर, टॅक्सीवाले असे लोक ते कामापुरते वापरत. मग १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. पेट्रोल-डिझेल वाचवायला १९७४ च्या सुरुवातीला अमेरिकाभर वेगमर्यादा ताशी ५५ मैल झाली, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर. ट्रकवाल्याला पैसे मिळतात मैलांवर, त्यामुळं ही मर्यादा थेट त्याच्या पोटावर आली. डिझेल कुठल्या पंपावर मिळतंय आणि पोलीस कुठं दडून बसलेत, या दोन बातम्या पुढच्या ट्रकनं मागच्याला द्यायच्या, यासाठी सीबी अगदी योग्य होता. पोलिसांचं नाव पडलं ‘स्मोकी’, कारण त्यांची टोपी वणव्याविरुद्धच्या सरकारी जाहिरातीतल्या स्मोकी नावाच्या अस्वलासारखी होती. १९७६ च्या जानेवारीत सी. डब्ल्यू. मॅककॉलचं ‘कॉन्व्हॉय’ हे ट्रकवाल्यांचं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर होतं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड ‘फर्स्ट मामा’ या हँडलनं बोलत. गर्दी इतकी झाली की १ जानेवारी १९७७ पासून चॅनल ४० करावे लागले. १९८३ मध्ये लायसनच काढून टाकलं.

आता थोडं यंत्राकडं वळतो, सवय जात नाही. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटर लांब. चांगली साधी अँटेना लहरीच्या चतुर्थांश, म्हणजे पावणेतीन मीटर हवी. गाडीवर एवढी काठी अवघड, म्हणून खाली तारेचं वेटोळं घालून ती आखूड करतात आणि थोडी ताकद गमावतात. सेटची ताकद ४ वॅट, म्हणजे रात्रीच्या छोट्या दिव्याएवढी. त्यात गाडी ते गाडी पाच-सात किलोमीटर बोलता येतं, घरावर उंच अँटेना असली तर वीस-तीस. थोडक्यात एक गाव आणि आजूबाजूची खेडी. हा पल्ला लक्षात ठेवा, सीबीचा सगळा स्वभाव त्यातून आलाय. ज्याच्याशी बोलताय तो माणूस तुम्हाला संध्याकाळी चहाच्या टपरीवर भेटू शकतो.

पण या पट्ट्याला एक खोड आहे. सूर्यावर डाग वाढले की वातावरणाचा वरचा थर या लहरी परतवू लागतो, आणि ४ वॅटचा आवाज हजार-दोन हजार किलोमीटर पलीकडं उतरतो. याला ‘स्किप’ म्हणतात. डागांचं चक्र साधारण ११ वर्षांचं. १९७९ च्या अखेरीस एक भर आली होती, आणि २०२४ च्या सुमारास अलीकडची. इंग्लंडातली सीबीची पहिली लाट आणि आजची लाट दोन्ही भरतीच्या आसपास आल्या, हा माझ्या मते निव्वळ योगायोग नाही. माळ्यावरचा सेट सुरू करावा आणि पहिल्याच दिवशी परदेशातला माणूस बोलावा, यासारखं आमिष दुसरं नाही.

इंग्लंडची गोष्ट जास्त मजेशीर आहे, कारण तिथं सीबी आधी बेकायदा होता. सत्तरच्या दशकात लोकांनी अमेरिकन एएम सेट चोरून आणले. त्यांच्यामुळं विमानांच्या मॉडेलचे रिमोट बिघडत, शेजाऱ्याच्या टीव्हीत आवाज घुसे. दंड झाले, सेट जप्त झाले, तरी लोक ऐकेनात. अखेर २ नोव्हेंबर १९८१ ला सरकारनं परवानगी दिली, पण खोच ठेवून. पद्धत एफएम, आणि चॅनल अमेरिकेपेक्षा वेगळ्या जागी, २७.६०१२५ मेगाहर्ट्झपासून पुढं. म्हणजे आणलेला अमेरिकन सेट कायद्यात बसणारच नाही. पोस्टात पैसे भरून लायसन घ्यायचं, आणि सेटवर ‘सीबी २७/८१’ असा शिक्का हवा. जुन्या मंडळींना हे सरकारनं केलेलं पाणीदार दूध वाटलं. इंजिनिअर म्हणून माझं मत सरकारच्या बाजूनं आहे, एफएममुळं शेजाऱ्यांचा त्रास खरंच कमी होतो. गंमत म्हणजे अमेरिकेनंही २०२१ मध्ये सीबीवर एफएमला परवानगी दिली, चाळीस वर्षांनी. उलट इंग्लंडनं २००६ च्या अखेरीस लायसन रद्द केलं आणि २०१४ मध्ये एएम आणि सिंगल साइडबँड कायदेशीर केलं. ज्यासाठी दंड झाले, ते आज कुणीही उघड करतो.

मधल्या काळात मोबाइल आला आणि सीबी झोपला. आता जे परतलेत ते बहुतेक १९८१ मध्ये चौदा-पंधरा वर्षांचे होते, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचे. सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलायचे, सोल्डर नवं करायचं, अँटेना मीटर लावून जुळवायची, आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी एका चॅनलवर जमायचं. काहीजण नुसते सेट जमवतात. कपाटात मांडलेले दहा सेट आणि बोलायला कुणी नाही, हे मला तरी पटत नाही. ज्यांना मधे कुठल्या कंपनीचा टॉवर, बिल किंवा पासवर्ड नको आहे, त्यांचं कारण मला जास्त खरं वाटतं.

इतिहासाच्या दृष्टीनं मात्र एक अडचण आहे, आणि तिला मुदत आहे. सीबीवरचं बोलणं हवेत गेलं. उरलं काय? ‘आयबॉल कार्डं’. रेडिओवरची माणसं प्रत्यक्ष भेटली की त्याला ते आयबॉल म्हणत, आणि भेटीत छापील कार्डांची अदलाबदल होई. कार्डावर हँडल, एखादं व्यंगचित्र, गावाचं नाव. खरं नाव बहुधा नसेच, बेकायदा दिवसांची ती सवय. आज तिकडचे छांदिष्ट ही कार्डं जमवताहेत, पण कुठलं हँडल कुणाचं हे सांगणारी माणसं साठी-सत्तरीत आहेत. ती गेली की कार्डांवर नुसती टोपणनावं उरतील. मोडी दफ्तरात नुसतं ‘बाबा’ किंवा ‘तात्या’ लिहिलेलं बघून डोकं धरलेल्या आपल्या मंडळातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडं असं काही का झालं नाही? १९३३ च्या वायरलेस कायद्यानं रेडिओयंत्र नुसतं जवळ बाळगायलाही लायसन लागे. साधा ऐकायचा रेडिओ असला तरी पोस्टात फी भरून पुस्तकात शिक्का घ्यावा लागायचा, आणि ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत टिकली. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ ऐकायची मोकळीक होती, आपण बोलायची नव्हती. बोलायचं तर चोरून. आपल्या बेळगावच्या पश्चिमेला, आंबोलीच्या आणि पुढं कॅसलरॉकच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ गोवामुक्तीचं गुप्त रेडिओकेंद्र चालवलं. ते प्रक्षेपण होतं, गप्पा नव्हेत, पण या डोंगरात ट्रान्समीटर घेऊन बसणं काय असतं ते त्यावरून कळतं.

भारतात सीबीला लायसनमधून सूट मिळाली ती २००५ मध्ये. पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, ताकद ५ वॅटपर्यंत, अँटेना सेटमध्येच बसवलेली. हे आकडे विचित्र दिसतात, पण २७.१२ च्या दोन्ही बाजूंना सारखंच अंतर मोजलं की कळतं: जगभर कारखान्यातल्या यंत्रांसाठी सोडलेला हाच पट्टा आहे, प्लास्टिक जोडायची यंत्रं यावर चालतात. अमेरिकेचे पहिले २७ चॅनल यात बसतात. पण २००५ पर्यंत ट्रकड्रायव्हरच्या खिशात मोबाइल आला होता. पुणे-बेंगलोर रोडवर सीबीची भाषा घडायची ती घडलीच नाही. आपल्या घरांत हा पट्टा आला तो मुलांच्या रिमोटच्या गाडीतून, तिच्या खोक्यावर बघा, बऱ्याच वेळा २७ मेगाहर्ट्झ लिहिलेलं सापडेल.

सीबीची कार्डं आपल्याकडं मिळणार नाहीत. पण रेडिओ लायसनची पोस्टाची पुस्तकं अजून कपाटांत, ट्रंकेत असणार. त्यांत मालकाचं नाव, पत्ता, सालवार शिक्के असतात, म्हणजे कुठल्या गल्लीत रेडिओ कधी आला याचा तारखेसकट पुरावा. कुणाकडं असेल तर रद्दीत घालू नका, फोटो काढून मंडळाकडं द्या, आणि तो रेडिओ कोण ऐकायला यायचं तेही मागच्या पानावर लिहा.