उत्क्रांतिवाद : वादाकडून मान्यतेकडे

१८४४ मध्ये लंडनमध्ये ‘व्हेस्टिजेस ऑफ द नॅचरल हिस्टरी ऑफ क्रिएशन’ हे पुस्तक निनावी प्रसिद्ध झाले. सजीव टप्प्याटप्प्याने बदलत आले, हा त्यातला विचार बहुतेक शास्त्रज्ञांनी झिडकारला. वाचकांनी मात्र आवृत्त्यांमागून आवृत्त्या संपवल्या. लेखक रॉबर्ट चेंबर्स होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर १८८४ मध्ये जाहीर झाले.

जून १८५८ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी मलाय द्वीपसमूहातून धाडलेला निबंध चार्ल्स डार्विन यांच्या हाती पडला. डार्विन वीस वर्षे ज्यावर काम करत होते, तोच नैसर्गिक निवडीचा सिद्धांत त्यात होता. १ जुलैला लिनियन सोसायटीत दोघांचेही लेखन वाचले गेले. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ बाहेर पडले. पहिली आवृत्ती १,२५० प्रतींची होती.

जून १८६० मध्ये ऑक्सफर्डला डार्विन यांच्या या पुस्तकावरून बिशप सॅम्युएल विल्बरफोर्स आणि थॉमस हेन्री हक्सली यांची खडाजंगी झाली. पण आक्षेप केवळ धर्मपीठाचे नव्हते. विल्यम थॉमसन यांनी १८६२ मध्ये पृथ्वीचे वय २ ते ४० कोटी वर्षे काढले. संथ उत्क्रांतीला हा काळ अपुरा वाटे. आईबापांचे गुण संततीत मिसळत असतील, तर नवा गुण पिढ्यान्‌पिढ्या विरत जाईल, असे फ्लीमिंग जेंकिन यांनी १८६७ मध्ये दाखवले. आनुवंशिकतेचे नियम तेव्हा ठाऊक नसल्याने याला खात्रीचे उत्तर नव्हते.

१८७० च्या दशकात ब्रिटनमधील बहुतेक निसर्गशास्त्रज्ञांनी उत्क्रांती मान्य केली होती; नैसर्गिक निवडीविषयीच्या शंका मात्र विसाव्या शतकातही टिकल्या. १८८२ मध्ये डार्विन यांचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबीत झाले.