सहस्फटिक : खलापासून कारखान्यापर्यंत

द्रव्य गुणकारी असूनही पाण्यात विरघळत नसेल, तर ते शरीरात पुरेसे शोषले जात नाही. हळदीतील कर्क्युमिन हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. यावरील एक आधुनिक उपाय म्हणजे सहस्फटिक. यात औषधद्रव्य व एखादे सहद्रव्य ठरावीक प्रमाणात एकाच स्फटिकात गुंफले जातात. औषधाचा रेणू मात्र तोच राहतो.

हैदराबाद विद्यापीठात प्रा. अश्विनी नांगिया यांच्या गटाने २०११ मध्ये कर्क्युमिनचे रिसॉर्सिनॉल व पायरोगॅलॉल यांच्यासह सहस्फटिक सिद्ध केले. अल्कोहोलमिश्रित पाण्यात ते मूळ कर्क्युमिनपेक्षा अनुक्रमे सुमारे ५ व १२ पट वेगाने विरघळले. पायरोगॅलॉल विषारी असल्याने सहद्रव्याची निवड किती जपून करावी लागते, हेही येथे ध्यानात येते.

हे स्फटिक अल्प द्रव घालून घोटण्याच्या पद्धतीने केलेले होते. भावना देऊन मर्दन करणाऱ्या वैद्याला ही क्रिया ओळखीची वाटेल. परंतु काही ग्रॅमवर साधणारी गोष्ट काही किलोवर तशीच साधत नाही. मोठ्या घाण्यात घर्षण सर्वत्र सारखे होत नाही व मूळ द्रव्ये काही अंशी न जुळता राहतात. द्रावणातून स्फटिक काढावेत, तर दोन्ही द्रव्यांची विद्राव्यता भिन्न असल्यास एकच द्रव्य आधी खाली बसते. शिवाय द्रावकाचे अवशेष काढावे लागतात. म्हणून प्रमाण, तापमान व थंड करण्याचा वेग नियंत्रित ठेवून बीजस्फटिक टाकण्याची पद्धत अवलंबिली जाते.

द्रावकाविना अखंड उत्पादनाचा मार्ग ब्रॅडफर्ड विद्यापीठात प्रा. अनंत पराडकर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखविला. दोन मळसूत्री दांडे असलेल्या एक्स्ट्रूडर यंत्रातून आयबुप्रोफेन व निकोटिनामाइड तापवून, मळून पुढे ढकलले जातात. उत्पादनाची शुद्धता तापमानावर व मळणीच्या तीव्रतेवर अवलंबून असते, असे त्यात आढळले.

शुद्धता डोळ्यांनी ठरत नाही. क्ष-किरण विवर्तनात मूळ द्रव्यांच्या रेषा उरल्या नाहीत आणि उष्णतामापनात एकच नवा वितळणबिंदू मिळाला, तरच घाणा उत्तीर्ण समजावा.

औषधनिर्मात्या बंधूंनी एवढे लक्षात ठेवावे : घोटलेले प्रत्येक मिश्रण सहस्फटिक नसते, आणि सहस्फटिक हे शास्त्रोक्त हरिद्राचूर्णही नसते. या परीक्षणांचा अहवाल हाती नसताना वेष्टनावर तसा दावा छापणे म्हणजे रुग्णाचा विश्वास पणाला लावणे होय.