साडीला इस्त्री पुन्हा करता येते!

मैत्रिणींनो, मागच्या दिवाळीत आमच्या मेढ्याच्या बचत गटाची सहल बामणोलीला गेली होती. लाँचमध्ये लाइफ जॅकेटं मिळाली, तर निम्म्या जणींनी ती चक्क बसायला घेतली! "अहो ताई, साडी चुरगळते ना!"

माझ्या सहा वर्षांच्या भाचीला मोठ्या माणसाचं जॅकेट दिलेलं. खांद्यांना धरून उचललं, तर ते थेट कानांपर्यंत आलं. पाण्यात जॅकेट तरंगलं असतं, पोर मात्र निसटली असती. लहान मापाचं मागून घेतलं, मगच निघालो.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेली बोट बुडाली, तेव्हा अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं.

म्हणून शिवसागरातली लाँच असो की समुद्रातली कयाक, एवढं पाहाच. जॅकेट वजनानुसार घ्या. मुलांना पायांमधून जाणारा पट्टा हवा. पोहता येत नसेल तर मानेमागे कॉलर असलेलं बरं. कयाकमध्ये वल्हवायला हात मोकळे राहायला हवेत. बक्कल तुटलेलं, शिवण उसवलेलं असेल तर सरळ परत करा. शिट्टी असावी. पदर आत खोचून पट्टे आवळा.

साडी काय, घरी येऊन पुन्हा इस्त्री करता येते!