शेवटची रात्र बेटावर नको

मी बोलतोय चिनहटहून. लखनौच्या पूर्वेला, अयोध्येच्या रस्त्यावरचं हे गाव झिलईच्या मातीच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. समुद्राशी आमचा काही संबंध नाही. म्हणूनच ग्रीसचा कार्यक्रम आखताना मी जी चूक केली, ती कोकणातल्या माणसाने केली नसती.

आम्ही कॉलेजचे चार मित्र. एक पुण्याचा, एक इंदूरचा, एक मैत्रीण बेळगावची आणि मी. आधी अथेन्स, मग नाक्सोस बेट, मग सँटोरिनी. शेवटच्या दिवशी सकाळच्या बोटीने अथेन्सचं बंदर पिरेअस गाठायचं आणि त्याच रात्री विमान पकडायचं. बेळगावच्या मैत्रिणीने विचारलं होतं, "शेवटची रात्र अथेन्समध्येच काढू या का?" मी म्हटलं, "बोट म्हणजे तिथली एसटीच गं, दर रोज सुटते."

त्या सकाळी आकाश निळंशार होतं. ढगाचा ठिपका नाही. बंदरावर उतरलो तर कळलं, आज एकही बोट सुटणार नाही.

हा 'मेल्तेमी' वारा. जुलै-ऑगस्टमध्ये तो एजियन समुद्रावर उत्तरेकडून वाहतो. गंमत म्हणजे त्याचं एक टोक आपल्याकडे आहे. उन्हाळ्यात वायव्य भारत आणि पाकिस्तानची जमीन तापते, हवा वर जाते आणि कमी दाबाचा पट्टा तयार होतो. तो आपला मोसमी पाऊस ओढून आणतो. हाच पट्टा पश्चिमेला इराण-इराक ओलांडून तुर्कस्तानापर्यंत लांबतो. तिकडे बाल्कन देशांवर मात्र दाब जास्त असतो. या दोन्हींच्या मधल्या एजियन समुद्रावर मग वारा सुसाटतो. तो कोरडा असतो, त्यामुळे आकाश स्वच्छ राहतं. वादळ ढग घेऊनच येतं, हा आपला समज तिथे उपयोगाचा नाही. खरं तर मला हे कळायला हवं होतं. चिनहटला मे-जूनमध्ये लू वाहते, तेव्हाही आकाशात ढग नसतोच.

वाऱ्याचा जोर बोफर्ट मापाने मोजतात, ० ते १२. साधारण ८ बोफर्टला, म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटर वेगाला, बंदराचे अधिकारी बोटी रोखतात. लहान वेगवान बोटी त्याच्या आधीच थांबतात, मोठी संथ जहाजं शेवटपर्यंत तग धरतात. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद होतात, तसंच हे. फरक इतकाच की आपल्याकडे बंदी महिनोन् महिने असते, तिथे ती आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी कळते.

आमचं विमान गेलं. बोट रद्द झाली की पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा मिळते. पण चुकलेल्या विमानाशी बोटवाल्यांचा संबंध नसतो. चौघांनीही नवी तिकिटं काढली. बेळगावच्या मैत्रिणीचा तो पहिला परदेश प्रवास होता, दोन वर्षं पैसे साठवून केलेला. ती मला एक शब्दही बोलली नाही, तेच जास्त लागलं. तिच्या तिकिटाचे पैसे मी देऊ केले, तर तिने अर्धेच घेतले. म्हणाली, "तू ऐकलं नाहीस हे खरं, पण मीही एकदाच बोलून गप्प बसले."

म्हणून मंडळी, मित्रांबरोबर जाणार असाल तर एवढं करा. बेटं आधी, अथेन्स शेवटी. परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. नकाशावर बेटं जवळ दिसली तरी एकाच समूहात फिरा: नाक्सोस, पारोस, सँटोरिनी हा सायक्लाडीझ समूह पिरेअसहून सोयीचा; कॉर्फू पार दुसऱ्या समुद्रात, आयोनियनमध्ये आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लांबच्या टप्प्याला वेगवान बोटीपेक्षा मोठं जहाज घ्या. सँटोरिनीहून पिरेअसला आठेक तास लागतात, पण ते सुटण्याची खात्री जास्त. जास्तीच्या मुक्कामाचा खर्च निघण्याआधीच सगळ्यांच्या हिशोबात धरा, म्हणजे बंदरावर उभं राहून वाद होणार नाहीत. आणि कार्यक्रम आखणाऱ्याने कुणाची शंका थट्टेवारी नेऊ नये.

पुढच्या वर्षी आम्ही चौघं पुन्हा निघतोय. या वेळी कार्यक्रम बेळगावहून आखला जातोय.