बुऱ्हाणपूरच्या पोटात किती कुतुबमिनार?

भुसावळहून खंडव्याकडे निघालेली गाडी रावेर ओलांडते, केळीच्या बागा मागे पडतात आणि सातपुड्याची उघडी पाठ दिसायला लागते. मे महिन्यात तर हा मुलूख अक्षरशः वाळवंट होतो. खडक, काटेरी झुडपं आणि ऊन. भटक्या माणसाने इथे दोन जागा बघाव्यात, एक डोक्यावरची आणि एक पायाखालची. सोबत पाण्याच्या बाटल्या घ्या आणि आकडेमोडीची तयारी ठेवा.

डोक्यावरची जागा म्हणजे असीरगड. बुऱ्हाणपूर शहरापासून साधारण 20 किलोमीटरवर. नुसत्या पायथ्यापासून मोजला तरी सुमारे 850 फूट उंच, म्हणजे 85 मजली इमारत, तीही लिफ्टवाचून! 1601च्या जानेवारीत हा गड अकबराच्या हाती आला. जुनी गोष्ट वाटते ना? मग तो ज्या काळ्या दगडावर उभा आहे त्याचं वय ऐका: सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षं. वर्षाला एक रुपया टाकू. अकबराच्या विजयापासून आजवरचे होतात सव्वाचारशे. दगडाचे? 6 कोटी 60 लाख! आणि हा दगड पसरलाय तरी केवढा? दख्खनभर मिळून आज जवळजवळ 5 लाख चौरस किलोमीटर. अख्खा महाराष्ट्र अंथरा, वर आणखी अर्ध्याहून जास्त महाराष्ट्र जोडा, तेव्हा कुठे बेरीज जमते.

आता खाली उतरू. कुंडी भंडारा, ज्याला खुनी भंडाराही म्हणतात. 1615 साली, जहांगीरच्या काळात, अब्दुर रहीम खानखानाने करवून घेतलेला. हो, दोहेवाला रहीम तोच. कसब मात्र इराणच्या वाळवंटातलं. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात झिरपतं आणि हलक्या उतारावरून आपसूक शहराकडे वाहतं. हवा, उजेड आणि साफसफाई यांसाठी वरून विहिरींसारख्या कुंड्या. का झिरपतं, किती झिरपतं, ते भूगर्भवाल्यांवर सोडू. आपण मोजू!

बोगदा जवळपास 4 किलोमीटर. 24 डब्यांच्या एक्सप्रेस गाड्या एकामागे एक उभ्या करा, सात मावतात. कुंड्या शंभरावर. जिथे लिफ्ट बसवलीय तिथली खोली 80 फूट, म्हणजे आठ मजले. सगळ्या काही तेवढ्या खोल नाहीत, म्हणून हात आखडता घेऊन सरासरी 40च फूट धरू. तरी शंभर कुंड्या एकावर एक रचल्या की 4000 फूट, सोळा कुतुबमिनार! सगळे छिन्नी-हातोड्याने खोदलेले, माती दोरखंडाने वर ओढलेली.

आणि विजेचं बिल? 5 अश्वशक्तीचा एकच पंप रोज सहा तास चालवला असता, युनिट पाच रुपयांचं धरलं, तर दिवसाला सुमारे 112 रुपये. चारशे वर्षांचे दिवस 1 लाख 46 हजार. गुणाकार करा: 1 कोटी 63 लाख रुपये! उताराने हे काम फुकटात केलंय. 2024 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत या भंडाऱ्याचं नाव लागलं. माझ्या मते उशीरच झाला.

थांबा, अजून संपलं नाही. ज्या इराणचं हे कसब, तिथे वाळवंटाच्या कडेला गोनाबाद नावाचं गाव आहे. तिथल्या असल्याच भुयाराची लांबी 33 किलोमीटर, विहिरी 427. 1853 साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ते अंतर 34. म्हणजे तो सगळा प्रवास जमिनीखालून! आणि हे एकच भुयार झालं. 1960च्या दशकातल्या एका अंदाजानुसार इराणात अशी 22 हजार होती, मिळून पावणेतीन लाख किलोमीटर. मुंबई-पुणे रस्ता दीडशे किलोमीटरचा धरा. रोज एकदा, आज इकडून उद्या तिकडून, असं पाच वर्षं सुट्टी न घेता गाडी हाकलीत तर कुठे ते अंतर भरेल. पृथ्वीला जवळजवळ सात वेढे! चंद्राकडे निघालात तर दोन तृतीयांशाहून जास्त वाट मागे पडलेली, आणि ती सगळी माणसाने वाकून, दिव्याच्या उजेडात, हाताने खोदलेली!